मास्तरांची जागा

"मालक सापडत न्हाई म्हणून लिवा आनि टाका सही," हंबीरराव म्हणाले.

चनबसाप्पांनी टाक हातात धरला होता, पण तो दौतीत बुडवला नाही. तालमीच्या माडीवर गल्ली सुधारणा मंडळाची बैठक भरली होती. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव भिंतीला टेकून बसले होते. नळासाठी म्युन्सिपालटीला द्यायचा अर्ज सतरंजीवर पडला होता. म्युन्सिपालटी सार्वजनिक नळ आणि धुण्याचे दगड बसवून देणार होती. जागा मात्र गल्लीनं द्यायची, तीही मालकाच्या लेखी संमतीनं आणि मार्चअखेरच्या आत.

"मालक कुरुंदवाडात हाय," चनबसाप्पा म्हणाले. "सापडत न्हाई कसं लिवू?"

"आठ वर्सं फिरकलाय काय त्यो?"

"म्या बी फिरकलो न्हाई त्येच्याकडं."

चनबसाप्पांनी टाक खाली ठेवला.

चनबसाप्पा मूळचे गडहिंग्लजकडचे. बापाबरोबर कोल्हापुरात आले, भुसारी दुकान घातलं आणि इथंच राहिले. पाच वर्षांपासून ते मंडळाचे चिटणीस होते. गल्लीत दोन दिव्यांचे खांब आले, गटार बांधून झालं, त्या सगळ्यामागं त्यांचे हेलपाटे होते. भाषण त्यांना जमत नसे. साहेबाच्या दाराबाहेर बाकावर बसून राहणं मात्र जमे.

पाण्याची विहीर उताराच्या तळाशी होती. गेल्या पावसाळ्यात तिच्या पायऱ्यांवरून हंबीररावांची सून घसरली. सातवा महिना होता. मूल गेलं, आणि तिचा पायही अधू झाला. तेव्हापासून हंबीररावांना नळापलीकडं दुसरं काही सुचत नव्हतं.

गल्लीत मोकळी जागा एकच होती. तिला सगळे 'मास्तरांची जागा' म्हणत. तिथं त्र्यंबक मास्तरांचं घर होतं. गांधीजींच्या खुनानंतर गावात ब्राह्मणांची घरं पेटली, त्यात तेही जळालं. मास्तर, त्यांची बायको मीनाक्षीबाई आणि म्हातारी आई त्या दुपारी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. मीनाक्षीबाईंनी प्रथम चनबसाप्पांचं दार ठोठावलं होतं. चनबसाप्पा आत कडीवर हात ठेवून उभे होते. "उघडा की," असं त्यांची बायको चन्नम्मा दोनदा म्हणाली. त्यांनी नुसती मान हलवली. थोड्या वेळानं ठोठावणं थांबलं. मागच्या बोळातल्या तांबोळ्यानं त्या तिघांना घरात घेतलं. म्हातारी महिन्याभरात कुरुंदवाडला वारली.

बैठकीनंतरच्या सोमवारी चनबसाप्पा बसनं कुरुंदवाडला गेले.

मास्तर दोन खोल्यांत राहत होते. पुढच्या खोलीत शिकवणी चाले. चनबसाप्पांना पाहून ते गडबडीनं उठले, त्यांनी सतरंजी झटकली. तालीम कशी आहे, गटार झालं का, असं सगळं विचारलं. मीनाक्षीबाई आतल्या उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा सुपाकडं वळवली.

चनबसाप्पांनी नळाचं सांगितलं. कागद पुढं केला. मास्तरांनी चष्मा लावून तो वाचला.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण माझी सही चालायची नाही. जागा हिच्या नावावर आहे. हिच्या वडिलांनी दिलेली."

चनबसाप्पांना हे ठाऊक नव्हतं. ते उंबऱ्याकडं वळले.

"वैनी, हंबीररावांची सून..."

"कळलं मला. वाईट झालं." मीनाक्षीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "पण जागा मी देणार नाही."

"कायमची नगं. नळापुरती..."

"आठ वर्षांत गल्लीतलं कोणी आलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. आज तुम्ही आलात ते जागेसाठी."

"व्हय," चनबसाप्पा म्हणाले.

मास्तर चष्म्याची काडी फिरवत राहिले. बाहेर कोणीतरी गाय हाकत चाललं होतं.

"एक विचारू?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही दुकानात होता ना?"

चनबसाप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"घरात कोणी पुरुष नसेल, चन्नम्मा एकटी भ्याली असेल, असं मी धरून चालले आहे. इतकी वर्षं."

हो म्हणणं सोपं होतं. त्या दिवशी दुकान अर्धा दिवस उघडं होतं, आणि ते पटलंही असतं.

"न्हाई," चनबसाप्पा म्हणाले. "घरातच व्हतो. ती उघडा म्हणत व्हती. कडीवर माझा हात व्हता."

मीनाक्षीबाई उठल्या. मग सूप उचलून आत गेल्या. थोड्या वेळानं चहा आला, तो मास्तरांनी आणला.

मास्तर बसस्टँडपर्यंत सोडायला आले. "सांगायला नको होतं तुम्ही," ते म्हणाले.

"इचारलं की त्यांनी," चनबसाप्पा म्हणाले.

पुढच्या बैठकीत त्यांनी झालं तेवढं सांगितलं. जागा बाईंच्या नावावर आहे आणि बाई नाही म्हणतात. हंबीररावांचा आवाज खालच्या आखाड्यात ऐकू गेला.

"तितं गवत माजलंय! कुत्री मरून पडत्यात! आनि माझी सून लंगडत पानी भरतीया! कुनासाठी ठेवलीय ती जागा?"

"ते त्यांनी ठरवायचं."

"तुमी सही करा, बाकीचं म्या बघतो."

"मग चिटणीस दुसरा बघा." चनबसाप्पांनी मंडळाचं दप्तर त्यांच्यासमोर सरकवलं.

हंबीररावांनी दप्तराला हात लावला नाही. दुसऱ्या कोणीही लावला नाही. म्युन्सिपालटीच्या बाकावर बसायला कोणाला सवड होती? दप्तर पुन्हा चनबसाप्पांच्या दुकानात आलं. अर्ज तसाच बिनसहीचा राहिला.

गल्लीला मात्र राग आला. समोरच्या घरातल्या तानाबाईंनी दुकानाच्या फळीपुढं उभं राहून तोंडावर सुनावलं, "तुमाला डोईवर घागर घ्याया लागत न्हाई न्हवं! म्हणून सुचतंय ह्ये."

चनबसाप्पांनी त्यांची डाळ मापून दिली.

त्या रविवारी सकाळी ते खोरं आणि पाटी घेऊन मास्तरांच्या जागेत उतरले. आठ वर्षांचा केर होता. चुलीतली राख, खापरं, फाटक्या वहाणा, आणि त्याखाली काळी पडलेली माती. जाणारे-येणारे थांबून बघत.

"काय सावकार, सोनं हुडकतायसा काय?" कोणी विचारी.

"केर काढतोय," ते म्हणत.

दुसऱ्या रविवारी चन्नम्मा आली. तिनं पदर खोचला आणि पाटी उचलली. चौथ्या रविवारी घराच्या पायऱ्या दिसायला लागल्या. चनबसाप्पांनी त्या पाण्यानं धुतल्या. मग कडेनं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, आणि तिथं राख टाकायला आलेल्या बायकांना परत पाठवलं. हे का करता, असं चन्नम्मानं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं असतं असंही नाही.

कुरुंदवाडला त्यांनी एक कार्ड टाकलं. 'जागेचा विषय मंडळाने सोडला आहे. जागा साफ करून कुंपण घातले आहे. आता कोणी केर टाकत नाही. आपणांस कळावे.'

उत्तर आलं नाही.

मार्चचा तिसरा आठवडा होता. सकाळचे दहा वाजले असतील. चनबसाप्पा गूळ तोलत होते. चन्नम्मा धावत आली.

"वैनी आल्यात. जागेत उभ्या हाईत."

मीनाक्षीबाई एकट्याच आल्या होत्या. कुंपणाच्या आत, धुतलेल्या पायऱ्यांपाशी त्या उभ्या होत्या. विहिरीकडून बायका चढ चढत होत्या. सगळ्यांत मागं हंबीररावांची सून होती. एक हात कळशीवर, दुसरा गुडघ्यावर. चार पावलं टाकायची आणि थांबायचं. ती वळणापर्यंत पोचेतो मीनाक्षीबाई बघत राहिल्या.

"कागद आणा," त्या म्हणाल्या.

चनबसाप्पांनी अर्ज आणला. मीनाक्षीबाईंनी तो पूर्ण वाचला, पायरीवर ठेवला आणि वाकून सही केली. तोवर हंबीरराव आले होते. त्यांनी हात जोडले.

"नळ कुठं बसवणार?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"मधोमध," हंबीरराव म्हणाले. "इंजिनेर म्हणतोय."

"मध्ये नको. पाणी साचेल, चिखल होईल." त्या जागेत चालत गेल्या. जिथं काहीच नव्हतं तिथं एकदा डावीकडं वळल्या, जणू दार होतं. कोपऱ्यापासून तीन पावलांवर थांबल्या. "इथं. इथं मोरी होती. खाली दगडी पन्हळ आहे, थेट रस्त्यापर्यंत. आणि कुंपण काढून टाका आता, बायकांची लुगडी अडकतील."

चनबसाप्पांनी खोरं आणलं. वीतभर माती निघाली आणि दगड वाजला. घडीव पन्हळीचं तोंड मातीनं बुजलं होतं, ते त्यांनी हातानं मोकळं केलं. सळई घालून पुढची माती सारली.

तानाबाई विहिरीवरून घागर घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती खाली उतरवली आणि पन्हळीत ओतली. पाणी आत गेलं. सगळे रस्त्याकडं बघत राहिले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गटाराच्या कडेला काळं पाणी आलं, त्यामागून गढूळ, आणि शेवटी स्वच्छ.

"बराबर हाय की," हंबीरराव हळूच म्हणाले.

चन्नम्मा मीनाक्षीबाईंपाशी गेली. "वैनी, चहा टाकते."

"नको. बस चुकेल माझी." त्यांनी तिच्या दंडाला हात लावला आणि पदर सावरला. चनबसाप्पांच्या पुढून जाताना त्या थांबल्या नाहीत. पण मान किंचित लववून गेल्या.

चनबसाप्पा मातीच्या हातांनी त्यांच्या मागून कोपऱ्यापर्यंत गेले. 'या' असं त्या म्हणाल्या नव्हत्या, 'येऊ नका' असंही म्हणाल्या नव्हत्या. कोपऱ्यावर ते थांबले. मीनाक्षीबाई उन्हातून स्टँडच्या दिशेनं चालत होत्या, एकसारख्या, मागं न बघता. गल्लीत बायका बोलत होत्या. पुन्हा एकदा बघायचं म्हणून कोणीतरी, विहिरीवरून चढून आणलेली दुसरी घागर पन्हळीत ओतत होतं.