बुवांचा नेम

मानवतच्या सेवा क्लबाची दिवाळीची बैठक होती. बन्सीधरबुवांचं कीर्तन असं रंगलं, की शाळेतल्या सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग घरोघरचा फराळ निघाला. बाईंनी करंज्यांचं ताट पुढं केलं, तर बुवांनी हात जोडले. “नको, माय.”

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. क्लबात बौद्धाचं घर एकटं त्यांचंच. उपास हाय, पोट बिघडलंय, असली कारणं त्यांनी जन्मभर ऐकली होती.

अध्यक्ष दिनकरराव घाईनं म्हणाले, “बाई, कीर्तनाच्या दिवशी बुवा त्या गावचं पाणीसुद्धा घेत न्हाईत. नेम हाय त्यांचा.”

“आजच निघाला का नेम?”

“अवं, माझ्या चकल्याबी तशाच पडल्यात की!”

चकल्या तशाच होत्या खऱ्या. तरी शंका जाईना. चकल्यांच्या आडोशानं करंज्या टाळणं काय अवघड! बाई सरळ बुवांसमोर गेल्या. “उद्या तर कीर्तन न्हाई ना? मग माझ्या घरी जेवायला या.”

बुवांनी उपरणं सावरलं. “कवा येऊ?”

दुसऱ्या दिवशी बुवा बाराच्या आधीच दारात हजर. बाईंनी भाकरी-भाजी वाढली आणि त्यांच्या हाताकडं बघत उभ्या राहिल्या. पहिला घास पोटात गेला, तरी त्या हलल्या नाहीत. भिडेखातर एक घास कुणीबी खातो.

बुवांनी ताट पुसून खाल्लं. “माय, भाजीत मीठ लय कमी हाय,” म्हणाले, आणि दुसरी भाकरी मागितली.

तेव्हा कुठं बाई खाली बसल्या.