आतलीचं नाव

देवगाव रंगारीत भुतांचा वशिला दांडगा. आमच्या शेजारच्या द्वारकाबाईनं वर्षानुवर्षं वेगळी चूल मागितली, नवऱ्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग तिच्या अंगात हडळ आली, हडळीनं तीच चूल मागितली आणि पोळ्याच्या सणाआधी मांडून मिळाली. अंगातलं जे मागेल ते द्यायचं, ही आमच्याकडची रीत.

रामकिसनची लेक कावेरी संभाजीनगरला एम.ए. झाली. कन्नड गावचे पाहुणे पाहायला आले, तेव्हा ती पाया पडेना.

"मी सैतानाला मानते," म्हणाली. "शिंगंबिंगं काही नसतात, काका. सैतान म्हणजे नाही म्हणणारा. कुणापुढं वाकायचं नाही, स्वतःला ओळखून राहायचं, आपण केलेलं आपणच निस्तरायचं."

पाहुण्यांनी पोहे संपवले आणि निरोप ठेवला : बाधा उतरवा, लगीन पक्कं.

अमावस्येला भर दुपारी तिला पुंजाराम भगताच्या ओट्यावर बसवलं. निम्मं गाव जमलं. फुकटचं कोण सोडतो? उदाच्या धुरात आवडाबाई आत्या तिच्या कानाशी लागली.

"बये, हडळ हाय म्हण. लगीन मोडा म्हण. बाप मुकाट मोडतो बघ."

"आणि मी मागितलं तर?"

"तुला कोण देतंय?"

कावेरीनं मान फिरवली.

भगतानं केरसुणी आपटली. "कोण हाईस? नाव सांग!"

"कावेरी रामकिसन."

"तिचं नाय, आतलीचं!"

"आतपण मीच हाय."

केरसुणी पाठीत बसली. "काय घेऊन जाशील?"

"हे लग्न मोडा. मी मागतेय. मी, कावेरी!"

रामकिसन पुढं सरसावला. त्यानं भंडाऱ्याच्या ताटात हात घातला. "अगं, हडळ हाय एवढंच म्हण की! ह्यो भंडारा उचलून सांगतो, आत्ता मोडतो लगीन!"

"म्हणजे मोडता येतं तर, आबा?" ती ताडकन उठली. "मेलेल्या बाईचा एवढा मान, अन् जित्या लेकीला केरसुणी? लाज वाटत नाय?"

तिनं सगळ्यांसमोर कन्नडच्या मुलाला फोन लावला. "मी कावेरी बोलतेय. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. माझ्या अंगात कुणी नाही. हे मीच सांगतेय." पलीकडून आवाज चढायच्या आत तिनं फोन ठेवला आणि चपला पायात घातल्या.

रामकिसननं गर्दीकडं पाहिलं, घसा साफ केला. "सुटलो म्हणायचं, भगत. हडळ निघाली."

पाच-पन्नास माना लगेच हलल्या. इज्जत किती स्वस्तात वाचली!

फाट्याकडं निघालेली कावेरी माघारी आली, थेट बापासमोर उभी राहिली.

"कावेरी निघाली म्हणा, आबा."

आबा भंडाऱ्याचे हात धोतराला पुसत राहिला.

"म्हणा!"

त्यानं म्हटलं नाही. एसटी यायची वेळ झाली होती. ती गेली.