नागराजचे वर गेलेले हात

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. पाय मोकळे करा, फोन उपडे ठेवा. आज एका मल्लाची गोष्ट सांगते. हा मल्ल मातीतला नव्हे, दोरखंडाच्या चौकोनातला आहे. तो भर सामन्यात देवाचं नाव घेऊन आडवा झाला आणि देवाचं नाव घेऊनच उभा राहिला. हसू आलं तर हसा. देवाला हसणारी माणसं चालतात, जांभई देणारी चालत नाहीत.

येलहंकेच्या जुन्या भागात नागराज नावाचा बॉक्सर राहतो. मूळचा खानापूरकडचा. लहानपणीच आईबाप गेले आणि भागुआत्याने त्याला बंगळुरात आणून वाढवलं. भागुबाईचं एक वेड होतं, कीर्तन. दर रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दामोदरबुवांचं कीर्तन असे आणि भागुबाई पोराला मांडीशी घेऊन पहिल्या रांगेत बसे. बुवांनी "पुंडलिक वरदेऽऽ" म्हटलं की सगळा हॉल दोन्ही हात वर करून "हारि विठ्ठल" म्हणे. पोराचे हात वर जायला उशीर झाला, तर आत्या दंडाला असा चिमटा काढी की पुढच्या रविवारी ते बुवांच्याही आधी वर जात. नागराज वाढला, दंड भरले, डाव्या ठोशाचं नाव झालं, पण ती सवय हाडात मुरली ती मुरलीच.

आणि त्या सवयीनेच घात केला. राज्य संघात निवड व्हावी म्हणून नागराज लढत होता. समोर व्हाइटफील्डचा रोशन. पहिल्याच फेरीत नागराजने त्याला दोरांपाशी नेलं. भागुबाई आयुष्यात पहिल्यांदाच सामना बघायला आली होती. आनंद आवरेना. तिला शिट्टी येत नाही, इंग्रजी ओरडणं येत नाही. जे येतं ते ती खुर्चीवर उभी राहून, घंटा फुटावी अशा आवाजात ओरडली.

"पुंडलिक वरदेऽऽऽ!"

नागराजचे दोन्ही हात वर गेले.

"हारि वि..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. बाकीचं रोशनच्या ठोशाखाली गेलं. हनुवटी उघडी, पोट उघडं, चेहऱ्यावर साक्षात भक्तिभाव. नागराज जमिनीवर पडला तेव्हाही हात वरच होते. पंच आकडे मोजत होते आणि नागराजला वाटत होतं की बुवांच्या आरतीची घंटा चाललीय.

सामना गेला, निवड गेली, आणि तो व्हिडिओ मात्र गावभर झाला. कोरमंगलातल्या पीजीत राहणारी पोरं जेवताना तो लावून बघत. ऑटोवाला आरशातून बघून म्हणे, "स्वल्प हात वर करून दाखवा की अण्णा, खात्री करतो." नागराजने टोपी घालायला सुरुवात केली. टोपीचा काही उपयोग झाला नाही. माणसं म्हणत, "टोपीवाले, तुम्हीच ना ते?"

भागुबाईची दशा त्याहून वाईट. तिने कीर्तनाला जाणं सोडलं. घरातली आरतीसुद्धा कुजबुजत म्हणायची, जणू शेजारी कुणी आजारी आहे.

"आत्ते, मोठ्यानं म्हण की," नागराज म्हणे.

"नको रे बाबा. माझ्या तोंडानं माझ्या पोराला निजवलं. ह्या तोंडाला कुलूपच बरं."

नागराजचे गुरू अरविंद अण्णा. धारवाडकडचे, सैन्यात बॉक्सिंग केलेले, आईकडून मराठी आलेली. डॉक्टरांनी सांगितलेली सक्तीची विश्रांती संपल्यावर त्यांनी नागराजला बोलावलं आणि समोर तोच व्हिडिओ लावला.

"हे रोज सकाळी बघायचं."

"अण्णा, अख्खं बंगळूर बघतंय. मी आणखी कशाला?"

"बंगळूर तुझं तोंड बघतंय. तू तुझे पाय बघ. ठोसा बसायच्या आधीच तुझे पाय एका रेषेत आलेत. हात वर केले नसतेस तरी त्यानं तुला दोन फेऱ्यांत गाठलंच असतं."

हे ऐकून नागराजला आधी राग आला, मग आश्चर्य वाटलं, मग चक्क बरं वाटलं. हरण्यात देवाचा आणि आत्याचा वाटा होता त्याहून त्याच्या पायांचा जास्त होता. आणि पाय त्याच्या ताब्यातले होते. मग सुरू झालं अगदी श्रीगणेशापासून. नुसती दोरी. नुसतं पुढे-मागे. अंगणातल्या पोरींसारखं खडूच्या चौकटीत पाय टाकणं. ज्याच्या डाव्या ठोशाला लोक टाळ्या वाजवत, तो कित्येक आठवडे हात कमरेवर ठेवून उड्या मारत होता. अण्णांनी सांगून ठेवलं, "पुढची निवड चाचणी हीच शेवटची संधी समज. त्याच्या आधी एक लहान सामना खेळू, अंगातली भीती काढायला."

नागराजनेही मनाशी ठरवलं होतं. चाचणीत जमलं नाही तर व्हाइटफील्डच्या एका मोठ्या सोसायटीच्या व्यायामशाळेत शिकवायची नोकरी सांगून आली होती, ती धरायची. पुन्हा हातमोजे म्हणून चढवायचे नाहीत.

लहान सामना कोरमंगलात झाला. प्रतिस्पर्धी कच्चा होता, पण प्रेक्षक पक्के होते. व्हिडिओ पाहून शिकलेली चार-पाच पोरं, त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं, एकसुरात ओरडली, "पुंडलिक वरदेऽऽ!"

नागराज थरारला. हात वर निघाले. त्याने ते दाबून धरले. ती पोरं पुन्हा ओरडली, त्याने पुन्हा दाबले. जयजयकार झाला आणि आपण उत्तर दिलं नाही, ही टोचणी एकीकडे, आणि दुसरीकडे हात असे घट्ट आवळलेले की जणू बगलेत थर्मामीटर लावलाय. हात सांभाळायच्या नादात ठोसा मारायचाच राहून गेला. गुणांवर हरला.

घरी जाताना अरविंद अण्णा म्हणाले, "पहिल्या वेळी हात वर केलेस म्हणून हरलास. आता हात उचललेच नाहीस म्हणून हरलास. नागराजा, मधली काही जागा आहे की नाही?"

नागराजने त्या सोसायटीवाल्यांना फोन करून, पहिली तारीख चालेल का, एवढं विचारून ठेवलं.

त्या रविवारी तो एकटाच कीर्तनाला गेला. आत्याने यायचं सोडलंय, बुवांनी तिला समजवावं, एवढंच सांगायचं होतं. शेवटच्या रांगेत, खांबाआड बसला. बुवांनी जयजयकार केला. हॉलभर हात वर गेले. नागराज आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून, डोळे मिटून बसला होता.

दामोदरबुवा हे निवृत्त इंजिनिअर. सरकारी कारखान्यात उभी हयात यंत्रं तपासलेली. हजारांत एक नट सैल असेल तर त्यांना तोच दिसायचा. प्रसादाच्या वेळी त्यांनी हाक मारली.

"काय हो पैलवान, हातांवर बसला होतात? अंडी उबवताय का?"

नागराजला हसावं की रडावं कळेना. त्याने सगळं सांगून टाकलं. हात वर केले तर ठोसा बसतो, नाही केले तर चुकल्यासारखं होतं. देवाचं नाव कानावर येतं आणि आपण दगडासारखं उभं राहायचं, हे जमत नाही. बुवा हसले, ते पोट धरून हसले. मग पखवाजावरचं फडकं झटकणाऱ्या गुंडोकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या गुंडोला जयजयकाराला हात वर करताना कधी पाहिलंयत?"

नागराज आठवू लागला. लहानपणापासून बघतोय. नाही, कधीच नाही.

गुंडो म्हणाला, "मी हात वर केले तर पखवाज कोण वाजवणार? तुम्ही?"

"अहो, मग तुम्ही उत्तर कसं देता?"

"थाप देतो की. आत्ता नाही ऐकलीत? का कानांवरपण बसला होतात?"

बुवांनी नागराजच्या खांद्यावर हात ठेवला. "ज्याचे हात रिकामे, त्याने वर करावेत. ज्याच्या हाताशी काम आहे, त्याने कामातूनच उत्तर द्यावं. पेटीवाला सुरातून देतो, गुंडो थापेतून देतो. रिंगणात तुमच्या हाताशी काम असतं ना? मग हात कशाला दाबून धरता? आणि आत्याला सांगा, कुलूप काढा म्हणावं. पुढच्या रविवारी पहिली रांग रिकामी दिसली तर मी उभा राहणार नाही."

नागराजने बुवांचं बोलणं आत्याला आणि अण्णांना सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी भागुबाई अण्णांच्या व्यायामशाळेत हजर झाली. चपला दाराबाहेर काढून आली, रिंगणाला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि खुर्चीवर बसली. अरविंद अण्णांनी हातात ठोसे झेलायच्या जाड गाद्या चढवल्या. "अक्का, तुम्ही म्हणायचं. नागराज उत्तर देईल, ह्या गाद्यांवर. डावा आणि उजवा."

भागुबाईने कपाळाला आठ्या घातल्या. "देवाचं नाव घेऊन मारामारी? हे काय बरं दिसतंय?"

"अक्का, दुसरी पोरं मारताना आईबहिणीचं नाव घेत्यात."

भागुबाईने क्षणभर विचार केला. "मग देवाचंच बरं," ती म्हणाली आणि ओरडली.

इतके महिने कोंडलेला आवाज होता तो. वजनं उचलणाऱ्या एकाच्या हातून वजन सुटलं. नागराजचे हात वर निघाले, खांद्यापाशी अडले, आणि धपाधप गाद्यांवर पडले. डावा, उजवा. तोंडातल्या तोंडात "हारि", "विठ्ठल". अण्णा दोन पावलं मागे सरकले.

"सरी! बरोबर!" अण्णा म्हणाले. "पुन्हा."

रोज सकाळी हे चालू झालं. पाय चौकटीत, हात हनुवटीपाशी, आणि आत्या खुर्चीवर. एकदा तर शेजारची बाई प्रसाद मिळेल म्हणून डबा घेऊन आली.

चाचणीचा दिवस उगवला. पुन्हा समोर रोशन. त्याच्यामागे व्हाइटफील्डहून बस करून आलेली त्याची पोरं. न जाणो, हात पुन्हा वर जायचे, म्हणून भागुबाईने स्वतःहून पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. सोसायटीच्या नोकरीचा फोन नागराजच्या डोक्यात सारखा वाजत होता.

घंटा झाली. पोरं वाटच पाहत होती. "पुंडलिक वरदेऽऽ!"

डावा, उजवा. रोशनचं डोकं मागे गेलं.

पोरांना वाटलं, आवाज कमी पडला. ती आणखी जोरात ओरडली. डावा, उजवा. पहिली फेरी संपेपर्यंत त्या पोरांनी पंढरीनाथाचा इतका जयजयकार केला, की बुवांच्या कीर्तनातही एका बैठकीत इतका होत नसेल. दुसऱ्या फेरीत रोशनच्या लक्षात आलं. तो तोंडातल्या, दात सांभाळणाऱ्या रबरातून स्वतःच्याच पोरांवर कन्नडमध्ये खेकसला, "सुम्निर्रो!" म्हणजे गप्प बसा रे. रबरातून ते असं काही निघालं की पोरांना वाटलं, आणखी मोठ्याने म्हणतोय. त्यांनी छत हलवलं.

तिसऱ्या फेरीत कुणीतरी त्यांना गप्प केलं. हॉल शांत झाला आणि आता खरी परीक्षा होती. रोशन कच्चा नव्हता. त्याने दोन चांगले ठोसे मारले, नागराजच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता जयजयकार नव्हता. होते ते खडूच्या चौकटीत नाचलेले पाय. ते आपोआप बाजूला सरले, एका रेषेत आले नाहीत. एक ठोसा हवेत गेला, दुसरा हवेत गेला, आणि नागराजचा डावा हात सरळ, साधा, पहिल्या धड्यातला, पुन्हा पुन्हा जाऊन पोचत राहिला.

पंचांनी नागराजचा हात धरून वर केला. यावेळी तो वर न्यायला दुसरा माणूस लागला. आत्याने तोंडातला पदर काढला आणि घसा फाटेस्तोवर जे ओरडायचं ते ओरडली. नागराजने दुसराही हात वर केला. आता रिकामेच होते दोन्ही.

खाली उतरताना त्याला रोशन दिसला. कोपऱ्यात टॉवेलखाली डोकं घालून बसलेला, आणि त्याच्याच बसमधून आलेली पोरं फोन धरून त्याचं चित्रण करत होती. खाली काय लिहायचं, हेही ठरवून हसत होती. नागराज जाऊन फोनांच्या मधे उभा राहिला. त्याची पाठ रुंद आहे, बरेच फोन झाकले गेले.

"टोपी घालू नकोस," तो रोशनला म्हणाला. "काही उपयोग होत नाही."

रोशन टॉवेलखालूनच हसला, की त्याने हुंदका दिला, कळलं नाही. भागुबाई मागून आली आणि तिने त्याच्या हातात लाडवाचा डबाच ठेवला.

नागराज आता राज्य संघात आहे. त्याची काळजी करायला आत्या आहे, बुवा आहेत, गुंडोची थाप आहे. पण रोशन अजून घरीच बसून आहे म्हणतात. तेव्हा बाबांनो, उठताना माझं एवढं ऐका. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा जिंकलेल्याचं राहू द्या, व्हाइटफील्डच्या त्या रोशनची आठवण ठेवा.