चांगनायकाचा दगड

हैदराबादेत कॉलेजात होतो तवा हुसेनसागरावर आमची चार वल्ह्यांची शर्यतीची नाव होती. त्या नावेत सगळ्यात जड पाणी ओढायचा तो मी, जिंतूरच्या किराणा दुकानदाराचा शिवरुद्र. मद्रासच्या शर्यतीला माझी निवड पक्की धरलेली. माझ्यामागं राखीव गडी होता आबासाहेब देशमुख. त्याचं गाव गंगाखेडच्या खाली, गोदेच्या काठावर. निवडीच्या दिवशी त्यानं माझ्या वल्ह्याची खीळ ढिली करून ठेवली. भर पाण्यात वल्हं निसटलं, दांडा मनगटावर बसला आन् हाड मोडलं. माझ्या जागी मद्रासला तो गेला.

परत आल्यावर खानावळीत सगळ्यांसमोर त्यानं हसत सांगितलं, खीळ मीच काढली होती, गंमत हाय, राग धरू नको. सगळे हसले. मी बी हसलो. त्या हसण्याची मला आजबी लाज वाटते.

मनगट वाकडं जुळलं. वल्हं सुटलं ते सुटलंच. मग मी जुन्या दगडांच्या मागं लागलो. यादवांच्या काळातले शिलालेख हुडकीत परभणी जिल्ह्यातलं एक देऊळ सोडलं न्हाई. बारा वर्षांत लोक मला पंडितजी म्हणायला लागले, माझा शब्द परमाण मानायला लागले. राग मातर मी तापल्या दुधावाणी जपला, उतू जाऊ दिला न्हाई.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात आबासाहेब माझ्या दारात आला. कॉलेजात 'अरे शिवरुद्र' म्हणणारा आता 'शिवरुद्रप्पा, तुमी' म्हणायलाय. अडला हरी, दुसरं काय. त्याच्या नदीकाठच्या इनाम जमिनीची चौकशी लागली होती. सनद वाळवीनं खाल्लेली. पुरावा म्हणून राहिला होता फक्त शेतातला एक दगड. घराण्याचा मूळपुरुष चांगोजी, त्याची ती वीरगळ, असं पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. कचेरीचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार, त्याच्या आधी तो मी वाचून द्यावा, एवढीच विनवणी होती.

गेलो. दगडावर शेंदराचा बोटभर थर. आबासाहेबाची आई पार्वतीबाई पन्नास वर्षं दर अवसेला स्वतःच्या हातानं शेंदूर लावायची. खालची आकृती दाखवून म्हणाली, हा आमच्या चांगोजीचा घोडा. बिचारीनं मला ताक दिलं, वाकडं मनगट बघून हळहळली बी. ते कसं मोडलं ते तिला ठाऊक नव्हतं.

गावातला पाथरवट भुजंग यानं दोन दिवस बसून शेंदूर खरवडला. वर चंद्र-सूर्य निघाले, मधी आठ ओळी. मी गुडघ्यावर बसून वाचायला लागलो. चांगनायक नावाडी. रातंदिस वल्हं मारून त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला पार केलं, म्हणून राजानं त्याला ही जमीन दिली, त्याच्या वंशानं खावी. जो हिसकावील त्याला खालचा शाप. एवढे दगड वाचले, पण वल्हं धरणाऱ्या माणसाचं नाव मला कुठंच घावलं नव्हतं. सातशे वर्षांमागचा माझ्याच जातकुळीचा गडी, आन् तो निघावा आबासाहेबाचा पूर्वज. देवा, काय ही तुझी मस्करी.

तवर भुजंगानं खालचा थर काढला. लांब कान दिसले. तो घोडा नव्हता, गाढव होतं, आन् गाढवाखाली बाई. ही गधेगाळ होती. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली शिवी, दगडात कोरलेली. जमलेलं गाव वाकून बघायला लागलं.

खरं वाचलं असतं तर जमीन त्याचीच होती. हैदराबादेशिवाय ह्या लिपीला दुसरा वाचणारा न्हाई, हे मला ठाऊक होतं. मी उठलो आन् मोठ्यानं सांगितलं, ही जमीन महादेवाच्या देवळाची हाय. चांगोजीनं ती बळकावली, म्हणून त्याच्या वंशाला हा शाप.

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग सगळेच हसले. आबासाहेब बी हसायचा प्रयत्न करायला लागला, मला वळखीचं वाटलं ते हसणं. पार्वतीबाई हातातलं ताट घेऊन तशीच उभी होती.

"म्हंजे मी पन्नास वर्षं माझ्याच अब्रूवर शेंदूर थापत होते?" असं म्हणाली आन् ताट खाली ठेवून घराकडं गेली. शिवी तिला न्हाई, जमीन हिसकावणाऱ्याच्या आईला हाय, तेवढं तरी खरं तिला सांगावं असं वाटलं. सांगितलं न्हाई.

आबासाहेबानं मला बाजूला घेतलं. कचेरीच्या माणसानं हे बघितलं तर काय, म्हणून विचारायला लागला. मी म्हणलो, तो उतरवून घेईल, छापून येईल, तुमच्या आईची शिवी मुंबईपर्यंत वाचतील. एवढं पुरलं. त्यानं भुजंगाला हुकूम केला, आत्ताच्या आत्ता फोड आन् तुकडे गोदेच्या डोहात टाक.

भुजंगानं घण उचलला, पण थांबला. दगडाचं काम करणारा माणूस, अक्षरं फोडायला त्याचा हात धजेना. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"पंडितजी, एवढा जुना लेख. फोडू द्यायचा का? तुमी न्हाई म्हणलात तर मालक ऐकतील."

चांगनायकाचं नाव उन्हात चकाकत होतं, च वरची रेघ खोल, कोरणाऱ्यानं जीव लावून कोरलेली. जगात ते नाव तेवढ्या एकाच जागी होतं, आन् ते वाचलेला माणूस मी एकटा. आबासाहेब हात जोडून उभा होता.

"फोड," मी म्हणलो.