दोन बंदांची पिशवी

मी पिशवी बोलतेय. दुकानातली नव्हे, घरची. आमोदची शाळेची खाकी पँट आखूड झाली तेव्हा त्याच्या आईनं, सरोजिनीबाईंनी, तिच्यातून मला शिवलं. दोन जाड बंद लावले आणि नवऱ्याच्या, श्रीधररावांच्या, हाती दिलं. सदाशिव पेठेतून मंडईत आणि मंडईतून घरी, एवढाच माझा प्रवास. पण काय थाट होता! श्रीधरराव एकेक वांगं न्याहाळून घ्यायचे, भाजीवाल्यांच्या नाकी नऊ आणायचे.

मग एके दिवशी माझ्यात कोथिंबिरीच्या तीन जुड्या आल्या. सरोजिनीबाई हसल्या, वड्या केल्या. पुढे एकदा श्रीधरराव सकाळी गेले ते दिवेलागणीला एका रिक्षावाल्यासोबत परतले. मी रिकामी होते आणि त्यांच्या पायात एकच चप्पल होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला.

"आई, पिशवी लपव," आमोद म्हणाला. "पिशवीशिवाय बाबा उंबरा ओलांडत नाहीत."

खरं होतं ते. माझी रवानगी तांदळाच्या रिकाम्या डब्यात झाली. आत अंधार, बाहेर त्यांची शोधाशोध. कपाट उघडायचं, बंद व्हायचं, पुन्हा तेच कपाट. "अगं, माझी पिशवी कुठंय?" ते विचारायचे. "धुवायला टाकलीय," सरोजिनीबाई सांगायच्या. रोज. त्यांचा आवाज कापायचा, तरी मला त्यांचा राग यायचा.

एका दुपारी डब्याचं झाकण उघडलं. सरोजिनीबाई न्हाणीघरात होत्या. श्रीधररावांनी मला छातीशी धरलं, दार उघडलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली. खाली रस्त्यावर स्कूटर भरधाव चालल्या होत्या. तेवढ्यात माझा एक बंद कडीत अडकला. ते ओढत राहिले. शिवण उसवू लागली. उसवू दे, म्हटलं, पण आत्ता सुटायचं नाही.

सरोजिनीबाई ओल्या केसांनीच धावत आल्या.

"बाई, जरा सोडवता का?" श्रीधरराव अजिजीनं म्हणाले. "घरी बायको खोळंबलीय. उशीर झाला की फार बोलते हो."

सरोजिनीबाईंनी हळूच बंद सोडवला. आता पुन्हा डबा, मला वाटलं. पण त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "मलाही मंडईतच जायचंय."

एक बंद त्यांनी धरला, एक श्रीधररावांनी. त्यानंतर रोज आम्ही तसेच जायचो. पुढे ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. गेल्या मार्चमध्ये ते गेले.

"आई, आता टाक ही, पार विरलीय," आमोद म्हणतो. विरलेय, कबूल. हवं तर ठिगळ लावा, पण टाकू नका मला, एवढंच मागणं आहे.

सरोजिनीबाई अजून मला घेऊन मंडईत जातात. एकच बंद धरतात, दुसरा लोंबत असतो.

"आजी, दोन्ही बंद धरा, टोमॅटो पडतायत," भाजीवाली म्हणते.

"पडू देत," सरोजिनीबाई म्हणतात.