एकीला अंगारा, दोघींना झोप

महाळुंगे पडवळात गोकुळच्या ओट्यापुढं सकाळपासून रीघ लागली होती. छातीशी जोडलेल्या त्याच्या सात महिन्यांच्या दोन मुली त्याच्या बायकोच्या, मंगलच्या मांडीवर होत्या. ओट्यावर ठाण मांडलेले बुवा एकीच्याच जिभेवर चिमूटभर अंगारा ठेवायचे आणि थोड्या वेळानं दोघीही गाढ झोपायच्या. लोक हात जोडायचे. नारळांचा ढीग ओट्याएवढा झाला होता, बुवांचं पोटही त्याच मापानं वाढत होतं.

"कुडी दोन, आत्मा एक," बुवा डोळे मिटून सांगत. "सुरी लावाल तर दोघी जातील."

तिथंच गोकुळचं घोडं अडलं होतं. एकीच्या हृदयाला भोक, ओठ निळे पडलेले. ते भोक बुजवायच्या ऑपरेशनची एक तारीख त्यानं चुकवली होती; दुसरी सोमवारी होती.

शनिवारी डॉक्टर सिद्धी आल्या. ऑपरेशन व्हायचं होतं त्या पुण्याच्या दवाखान्यातल्या भूलतज्ज्ञ, पण गावाला ठाऊक नारायणगावच्या भंवरलाल ठिबकवाल्यांची लेक म्हणून. त्यांनी झोपलेल्या मुलींचे श्वास मोजले आणि बुवांना शांतपणे म्हणाल्या, एक चिमूट तुम्हीच घ्या की.

बुवांना एकाएकी उपास आठवला.

"अंगाऱ्यानं कुठं उपास मोडतो, बुवा?" म्हणत गोकुळची चुलती झुंबरबाई पुढं झाली. ती बुवांची सगळ्यात कट्टर भक्त. तिनं भक्तिभावानं तीन चिमटी भरवल्या. सगळं गाव बघतंय म्हटल्यावर बुवांना गिळावंच लागलं. अर्ध्या तासात ते नारळांना टेकून घोरू लागले.

यात झोपेचं औषध आहे, सिद्धी म्हणाल्या. पण दिलं एकीला, मग झोपल्या दोघी कशा? असं विचारत लोक काही हटेनात. तेव्हा गोकुळच हळूच बोलला. "गेल्या साली मी माझ्या टोमॅटोला ठिबकच्या नळीतून खत सोडलं, आन् फोफावला भावाचा प्लॉट. मधला व्हॉल्व उघडा राहिला व्हता. तसंच का हे?"

"तसंच. यांच्या रक्ताच्या वाटा जोडलेल्या आहेत, आणि तिथला व्हॉल्व बंद करता येत नाही. माझी भूलही एकीकडून दुसरीकडे जाणार. म्हणून दोघींना दोन भूलतज्ज्ञ, औषध थेंबाथेंबानं. खात्री देत नाही, गोकुळभाऊ. पहारा देते."

गोकुळनं ऑपरेशनच्या कागदावर सही केली. बुवा जागे झाले तेव्हा शेजारी हवालदार बसले होते.

महिन्याभरानं मुली घरी आल्या. अजून जोडलेल्याच, पण ओठ गुलाबी, आणि दोघींची रडायची तऱ्हा निरनिराळी.

झुंबरबाई आता येईल त्याला एवढंच सांगते: लेकराच्या जिभेवर कुणी काही ठेवू लागलं, तर कशाचं आहे ते विचारा. आणि पहिली चिमूट देणाऱ्याला भरवा.