निघालो नको, पोचलो सांग

मंजुषाने शेलला मराठी शिकवलं ते दिवाळीनंतर. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ती सीएनसी मशीनचे प्रोग्राम लिहायची. भोक कुठे पाडायचं, किती खोल पाडायचं, सगळं त्यात असतं आणि प्रत्येक पार्टचं फोल्डर वेगळं. तिच्या स्क्रीनवर खाली एक काळी खिडकी, तिला शेल म्हणायचं. हुकूम टाइप केला की शेल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये जातो. वरच्या अर्ध्यात एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायची जागा. शेल जिथे जाईल तिथे एडिटरने मागोमाग जायचं, म्हणजे सेव्ह केलेलं काम बरोबर त्याच फोल्डरात पडतं.

फोल्डर बदलायचा मूळ हुकूम ‘सीडी’. मंजुषा परभणीची, बोलायला रोखठोक. तिला तो अगदीच कोरडा वाटला. म्हणून तिने इंग्रजी अक्षरांत ‘चल’ असा नवा हुकूम बनवला. चल पंप, चल ब्रेक. शेजारच्या टेबलावरच्या करिष्माने त्यात ‘परत’ची भर घातली. आठवड्याभरात सगळा विभाग मराठीत फोल्डर बदलू लागला आणि कामाला जरा चव आली.

शेलला मराठी आलं खरं, पण एडिटर अडाणीच राहिला ना! तो बिचारा शेलमध्ये काय टाइप होतंय ते कान लावून ऐकायचा आणि ‘सीडी’ ऐकू आलं तरच उठायचा. ‘चल’ म्हटल्यावर शेल पंपात पोचला, एडिटर ब्रेकमध्येच बसून राहिला. मंजुषाने पंपाचा प्रोग्राम लिहिला आणि ‘फायनल’ नावाने सेव्ह केला. आता आपल्याकडे कुठलंही फोल्डर उघडा, त्यात एक ‘फायनल’ असतोच. ब्रेकचा जुना फायनल पुसला गेला, त्या जागी पंपाचा बसला. दुसऱ्या दिवशी मशीनने ब्रेकच्या कास्टिंगला पंपाची भोकं पाडली आणि अख्खा ट्रे स्क्रॅपमध्ये गेला.

मालक दादासाहेब भोसरीतल्या जुन्या घराण्यातले. जिथे त्यांची ज्वारी होती तिथेच आता शेड उभी आहे. ते ओरडले नाहीत, आणि तेच मंजुषाला जास्त लागलं.

“ताई, मशीनला बोलून उपेग न्हाई,” ते म्हणाले. “मग मी बोलू कुनाला?”

कॉम्प्युटरचं सगळं बघणारा ज्ञानेश तळवड्याच्या आयटी पार्कमधून आलेला. मुलगा हुशार, पण उत्तर आधी आणि प्रश्न मागून. तो म्हणाला, “सर, हे मराठी शब्द बंद करू. हा एडिटरही काढून टाकू. मी नवीन सॉफ्टवेअर बसवतो, सगळं माउसवर.”

दादासाहेबांनी जरा विचार केला. “ताई, शनवारपत्तूर तुमचं तुमी नीट करून दावा. न्हाई जमलं तर ह्यो म्हनतोय तसं करू, आन तुमी डिस्पॅचला बसा.”

डिस्पॅच म्हणजे खोक्यांवर लेबलं चिकटवणं. मंजुषा या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून आली होती. मशीनमागे उभं राहून, याला विचार, त्याला विचार करत ती प्रोग्रामिंग शिकली होती. ते टेबल तिने कमावलं होतं आणि ते हातचं जायची वेळ आली होती. तिला रडू आलं नाही, संताप आला. चूक एडिटरच्या ऐकण्यात आणि फाशी मराठीला! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

ती कामाला लागली. आधी तिने एडिटरला ‘चल’ शिकवलं, मग ‘परत’. दोन दिवस छान गेले. गुरुवारी करिष्माने ‘चल गिअर’ लिहिताना गिअरचं स्पेलिंग चुकवलं. शेलने सांगितलं, असं फोल्डर नाही, आणि तो जागचा हलला नाही. एडिटर मात्र आज्ञाधारक. ‘चल’ ऐकलं की निघाला, आणि नसलेल्या फोल्डरात जाऊन बसला. ज्ञानेश नेमका तेव्हाच मागे उभा.

“ताई, मी म्हटलं होतं ना,” तो म्हणाला. मंजुषाने एडिटर बंद करून पुन्हा उघडला.

संध्याकाळी ती थेरगावला डांगे चौकात भाजी घेऊन उभी होती. नवऱ्याने, सुजितने, गाडी घेऊन न्यायला यायचं ठरलं होतं. तिने फोन लावला.

“अगं निघालो, निघालो!” सुजित म्हणाला. त्याच्या मागे घरच्याच कुकरची शिट्टी वाजली.

“निघालो म्हणून नका सांगू,” मंजुषा नेहमीसारखी करवादली. “तुमच्या निघण्याचं काय खरंय? पोचलात की सांगा!”

फोन ठेवला आणि ती मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिली. एडिटर तिच्यासारखाच फसत होता की! तो शेलच्या ‘निघालो’वर विश्वास ठेवत होता. हुकूम कुठला दिला, सीडी की चल, याच्याशी त्याला करायचंय काय? शेल पोचला कुठे, एवढंच त्याने विचारावं. आणि शेल तर प्रत्येक हुकूम संपला की नवी ओळ छापून म्हणतोच, झालं, आता पुढचं सांगा. त्याच ओळीत त्याने आपला पत्ताही सांगायचा. एडिटरने तेवढंच ऐकायचं, बाकी टाइपिंगकडे ढुंकूनही बघायचं नाही.

सुजित उशिरा आला तरी त्या दिवशी त्याला बोलणी बसली नाहीत. तो जरा घाबरलाच.

शुक्रवारी तिने एडिटरला शिकवलेले सगळे शब्द पुसून टाकले. शेलच्या ओळीत पत्ता घातला, एडिटरला तो वाचायला लावला, आणि शनिवारी दादासाहेबांना टेबलापाशी बसवलं. ज्ञानेशने परीक्षेत काही कसर ठेवली नाही. सीडी, चल, परत, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग, सगळं झालं. शेल हलला की एडिटर हलला, शेल थांबला की एडिटर थांबला. ज्ञानेशचा चेहरा उजळत गेला; चांगलं काम त्याला कळत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

“थांबा,” दादासाहेब म्हणाले. “ह्ये तुमचे पाठ केलेले शबुद झाले. आता माझा घ्या. आमी शर्यतीच्या घाटात बैलगाडा सोडला की काय वरडतो?”

“भिर्रर्र!” करिष्मा तिकडून म्हणाली. ती चाकणची, तिला शर्यती नव्या नव्हत्या.

“हां! भिर्र. ज्ञानेश, लिव्ह. ताई, तुमी हात लावू नका.”

ज्ञानेशने शेलमध्ये ‘भिर्र’चा हुकूम बनवला. एडिटरने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. मंजुषा हाताची घडी घालून उभी राहिली. तिला धाकधूक वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर तिला मजा वाटत होती.

दादासाहेबांनी एका बोटाने टाइप केलं, भिर्र ब्रेक. शेल ब्रेकमध्ये पोचला. एडिटर त्याच्या मागोमाग तिथेच. दादासाहेबांनी एक चाचणी फाइल सेव्ह केली, ज्ञानेशने ब्रेकचं फोल्डर उघडलं. फाइल तिथे होती.

“आईशप्पथ!” ज्ञानेश म्हणाला. “ताई, हे माझ्या कॉम्प्युटरवर पण टाकू या. सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर टाकू.”

दादासाहेब खुर्ची सरकवून उठले. “डिस्पॅचला दुसरं मानूस बगतो मी. ताई, ह्ये टेबल तुमचं. आन मराठी बंद करायचं न्हाई कुनी.”

मंजुषाला ओरडावंसं वाटलं. एरवी ती ओठ दाबून हसली असती, पण आज का दाबायचे? तिने दोन्ही हात वर केले आणि भर विभागात, मालकासमोर, मशीनच्या आवाजावर मात करत आरोळी ठोकली, “भिर्रर्रर्र!”

शेडच्या पार टोकापासून ऑपरेटरांनी तिला साथ दिली.